चिंचोक्यांचा हंगाम
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोनवर सांगितलं होतं, 'तू पुण्यात आयटीत आहेस, तेव्हा नव्या पिढीला चार शब्द मार्गदर्शन कर.' नवी पिढी मागच्या रांगेत मोबाइल घेऊन बसली आहे आणि मोबाइलच्या बाबतीत तीच मला मार्गदर्शन करू शकेल. म्हणून आज मी अशा विषयावर बोलणार आहे, ज्यात मला तुमची मदत हवी आहे. गेली दोन वर्षं मी एक बैठा खेळ तयार करते आहे. पट कापडाचा, सोंगट्या बांगड्यांच्या तुकड्यांच्या, पैसे म्हणून चिंचोके. नाव आहे 'हंगाम'. अंबाजोगाईत बसून हंगाम म्हटलं की कोणता, हे कुणाला सांगायला नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून गाड्या भरून निघतात तो, ऊसतोडीचा.

आधी नियमांविषयी बोलते. आपण सगळे उन्हाळ्याच्या सुट्टीत 'व्यापार' खेळलोय. खोक्याच्या आत नियमांचा एक कागद असायचा. तो वाचल्याचं तुमच्यापैकी किती जणांना आठवतं? आपल्या गल्लीत नियम वेगळे, मामाच्या गावी वेगळे. चल्लस-आठचंही तेच. कुणी त्याला अष्टाचम्मा म्हणायचं, कुठं सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरात जाता यायचं नाही, कुठं चालायचं. पहिली दहा मिनिटं 'आमच्यात असं असतं' यावर भांडणात जायची आणि त्यातूनच त्या दिवसापुरता नियम पक्का व्हायचा.

'व्यापार' ज्या खेळावरून आला, त्या 'मोनोपॉली'ची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ साली अमेरिकेत 'द लँडलॉर्ड्स गेम' या खेळाचं पेटंट घेतलं. जमिनीच्या भाड्यानं मालक कसा फुगतो आणि कूळ कसं पिळलं जातं, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. लोकांनी तो खेळ हातानं काढून घेतला, आपापल्या शहरातल्या रस्त्यांची नावं घातली, नियम वाकवले. १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीनं त्याचंच पुढचं रूप 'मोनोपॉली' म्हणून बाजारात आणलं, तेव्हा बाकीच्यांना कंगाल करणारा जिंकतो, एवढंच त्यात उरलं होतं. खेळ ज्यांच्या हातात जातो, ते त्याचा अर्थसुद्धा बदलू शकतात.

आणि आपल्याकडची सापशिडी. तिचा जुना अवतार म्हणजे मोक्षपट. पुण्याचे अभ्यासक वा. ल. मंजूळ यांनी त्याचा अभ्यास केला आहे. परंपरा हा पट ज्ञानेश्वर माउलींच्या नावाशी जोडते. पहिलं घर जन्माचं, शेवटचं मोक्षाचं, शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे. जुन्या पुष्कळ पटांवर शिड्या कमी आणि साप जास्त असत. पटावर साप किती आणि शिड्या किती, हा नुसता नक्षीचा प्रश्न नसतो. पट काढणाऱ्याला आयुष्य किती अवघड वाटतं, त्याचा तो हिशेब असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता 'हंगाम'कडे येते. आपल्याच वर्गातली एक मैत्रीण केज तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका आहे. नाव घेऊ नको म्हणून तिनं बजावलंय. तिच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. आईबाप कारखान्याला गेले की मागं आजीजवळ राहिलेल्या पोरांसाठी तिथं जेवणाची, अभ्यासाची सोय होते. तिनं मला सांगितलं, 'संध्याकाळी जेवण होईपर्यंत पोरं नुसती बसून असतात. काहीतरी पाठव.' मी विकतचे खेळ पाठवू शकले असते. पण त्यात मुंबईची हॉटेलं आणि विमानतळ. म्हटलं, यांच्या ओळखीचं काहीतरी करू या.

पहिला मसुदा असा होता. चार खेळाडू, प्रत्येक जण एक कोयता. सुरुवातीला मुकादमाकडून उचल घ्यायची. फड, कोपी, कारखाना, बाजार, दवाखाना आणि शाळा अशी घरं. बारा फेऱ्या, एकेक फेरी म्हणजे एक पंधरवडा, असा सहा महिन्यांचा हंगाम. शेवटी उचल फेडून ज्याच्याकडे जास्त उरेल तो जिंकला. पोराला शाळेच्या घरात ठेवलं तर बक्षिसाचे चिंचोके.

आमच्या धंद्यात प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं स्वतःच तपासून भागत नाही. तो वापरणाऱ्याच्या हातात द्यायचा, आपण शेजारी बसायचं, तोंड बंद ठेवायचं आणि तो कुठं अडतो ते वहीत लिहायचं. मी हा खेळ आधी पुण्यात ऑफिसातल्या सहकाऱ्यांना दिला. त्यांनी नियमांचा कागद दोनदा वाचला, शाळेच्या घरात सर्वांत जास्त बक्षीस आहे हे हेरलं आणि सगळ्यांनी पोरं शाळेत बसवली. दीड तास खेळले. मग एकानं विचारलं, 'उचल न घेता खेळता येईल का?' मी वहीत लिहून घेतलं. प्रश्न भाबडा होता, पण पुढं सगळा खेळ त्याच प्रश्नाभोवती फिरला.

मग मी पट घेऊन त्या गावी गेले. तिथं नियमांचा कागद कुणी हातातही घेतला नाही. पट मांडला आणि सातवीतली एक मुलगी म्हणाली, 'ताई, एकटा माणूस कोयता नसतो. दोघं मिळून एक कोयता ऱ्हातो.' बरोबरच आहे. नवराबायको मिळून एक कोयता, हिशेब त्यांचा एकत्र, उचल एकत्र. त्या जागी खेळाची मांडणी बदलली. चार खेळाडूंच्या चार जोड्या झाल्या. एक बाप्या, एक बाई.

बाई कुणी व्हायचं यावरून लगेच भांडण. पोरांना नको होतं. तीच मुलगी म्हणाली, 'बाईनं आधी चूल पेटवायची. मपली माय चारला उठती, मग फडात जाती.' तेव्हा नियम झाला की प्रत्येक फेरीत मजुरीचा टाक टाकण्याआधी बाईनं एक चिंचोका चुलीत टाकायचा, तो जोडीचा पोटाचा खर्च. आणि सहा फेऱ्या झाल्या की जागा बदलायच्या, बाप्याची बाई व्हायची. हा दुसरा भाग पोरींनी मतदान घेऊन पास करून घेतला. पोरांची दोन मतं कमी पडली.

फाशांचं काय झालं तेही सांगते. मी प्लास्टिकचे फासे नेले होते. ते तिसऱ्या दिवशी हरवले. पोरांनी चिंचोके मधोमध फोडून आणले, एक बाजू काळी, एक पांढरी. चार तुकडे टाकायचे, पांढरे पडतील तितकं दान, चारही काळे पडले तर आठ. आपण चल्लस-आठला हेच करत होतो. पण यानं खेळाचा तोल बदलतो. फाशावर एक ते सहा सगळी दानं सारख्याच वेळा पडतात. चार चिंचोके टाकले तर १६ प्रकारे पडू शकतात. त्यातल्या ६ प्रकारांत दोन पडतात, ४ प्रकारांत एक, ४ प्रकारांत तीन, एका प्रकारात चार आणि एकाच प्रकारात आठ. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं, तर सरासरी येते अडीच. म्हणजे रोजचं मिळणं जवळपास ठरलेलं, आणि क्वचित कधीतरी आठ. गणिताचे सर समोर बसले आहेत, त्यांनी पडताळून पाहावं. मजुरीच्या खेळाला फाशापेक्षा चिंचोका जास्त शोभतो, म्हणून फासे पुन्हा आणले नाहीत.

यापुढचा नियम सर्वांत मोठा. कुठल्याही खेळात डाव संपला की पट पुसला जातो, नवा डाव कोरा सुरू होतो. दुसऱ्या संध्याकाळी मी सगळ्यांना नवी उचल वाटायला लागले, तर एक मुलगा म्हणाला, 'काल आमच्याकडं चार राहिले होते. ते कुठं गेले?' बाकीच्यांनीही मान डोलावली. राहिलेली उचल पुढच्या हंगामावर चढते, हे त्यांना दोन आणि दोन चार इतकं स्पष्ट होतं. वहीच्या मागच्या पानावर त्यांनी खातं उघडलं. त्या दिवसापासून 'हंगाम' एका संध्याकाळचा खेळ राहिला नाही. डाव डावाला जोडत गेला.

जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. बातमी गावात पोचली त्याच आठवड्यात पोरांनी पटावरची मजुरी वाढवून मागितली. तोवर बारापैकी तीन फेऱ्या बिनमजुरीच्या होत्या, कारण कारखान्यावर गाडी खोळंबायची. त्या तीन काढून टाकल्या. नऊ टाकांचे बारा टाक झाले, म्हणजे साधारण ३३ टक्के वाढ. मग पोरंच म्हणाली, 'दर वाढला की उचलबी वाढती.' उचल १५ होती, ती २० केली.

आता हिशेब बघा. बारा फेऱ्या, सरासरी अडीच, म्हणजे ३० चिंचोके मजुरी. चुलीत गेले १२. उरले १८. उचल २०. सगळं सुरळीत झालं, कुणी आजारी पडलं नाही, तरी जोडी हंगामाच्या शेवटी दोनानं मागं. उचल तर हातात यायच्या आधीच खर्च झालेली असते, पावसाळ्यातल्या किराण्यात, बी-बियाण्यात, कुणाच्या लग्नात. पोरांना सरासरी काढता येत नव्हती, पण पाच-सहा डावांनंतर एकानं मला विचारलं, 'ताई, ह्यातून बाहेर कसं निघायचं? तसं घर काढा ना पटावर.' ऑफिसातल्या मित्राचाच प्रश्न तो, दुसऱ्या तोंडून आलेला.

घर होतं, शाळेचं. पण शाळेचं बक्षीस पोरांनी पहिल्याच दिवशी नाकारलं होतं. 'शाळेत गेल्यावर कोण पैसे देतं?' आजीजवळ पोर ठेवलं तर उलट खर्चच होतो. म्हणून आता नियम असा आहे. पोर शाळेत ठेवलं तर दोन फेऱ्यांना एक चिंचोका जास्तीचा जातो, हंगामाचे सहा. म्हणजे ती जोडी दर हंगामाला दोनाच्या जागी आठानं मागं पडते. मग काही हंगामांनंतर ते पोर शिकून कमावतं होतं आणि दर फेरीला एक चिंचोका घरी आणतं. तेव्हा ती जोडी दर हंगामाला दहानं पुढं जायला लागते.

प्रश्न एवढाच की 'काही हंगाम' म्हणजे किती? तीन धरले, तर २४ चिंचोक्यांचं कर्ज चढतं आणि पुढच्या तीन हंगामांत फिटतं. जवळपास प्रत्येक जोडी हा रस्ता धरते आणि शेवट गोड होतो. पाच धरले, तर ४० चढतात, ते फेडायला आणखी चार हंगाम लागतात. मधे एक दवाखान्याचं पान निघालं की जोडी हात टेकते आणि पोराला पटावर फडात नेते. तीन केलं तर पोरं म्हणतात, 'हे पिक्चरमधलं झालं.' पाच केलं तर काही पोरं शाळेच्या घराकडं बघतच नाहीत. मोक्षपटावरच्या साप आणि शिड्यांचा हिशेब म्हटला, तो हाच. आकडा खोटा ठेवायचा नाही आणि पोराच्या हातातला चिंचोकाही खाली पडू द्यायचा नाही. सध्या चारवर खेळतो आहोत. हा नियम अजून पक्का नाही.

पाडव्यानंतर, पट्टा पडल्यावर, आईबाप परत आले. एका संध्याकाळी त्यांच्यासमोर पट मांडला. पुरुष मंडळी थोडा वेळ बघून निघून गेली. बायका बसल्या. एकीनं पानं उलटून बघितली आणि विचारलं, 'बाई आजारी पडली तर खाडा कुणाचा, ते ह्यात कुठंय?' जोडीतलं एक जण बसलं की कोयता बसतो आणि खाड्याचा भुर्दंड दोघांच्या खात्यावर येतो. २०१९ साली आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची राज्यभर चर्चा झाली, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. त्या चर्चेतले आकडे मी वर्तमानपत्रात वाचले होते. त्या बाईनं त्यातलं काहीच म्हटलं नाही. तिनं फक्त एक नियम मागितला. आता पटावर तसं पान आहे. बाई आजारी, त्या फेरीला टाक नाही, आणि दोन चिंचोके वजा. ते पान निघालं की खेळ थोडा वेळ शांत होतो.

आता त्या सातवीतल्या मुलीचं सांगते, जिनं जोडीचा आणि चुलीचा नियम करून दिला. गेल्या हंगामात, जानेवारीत, तिला आईबापाकडून बोलावणं आलं. कोपीत धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हतं. ती गेली. त्या संध्याकाळी तिची जोडीदारीण पटावर एकटीच बसली होती. बाकीच्या पोरांत चर्चा झाली. एक म्हणाला, तिच्या जागी दुसरं कुणी घेऊ. दुसरा म्हणाला, जोडी बाद. माझी मैत्रीण शेजारी बसून ऐकत होती, तिनं काहीच सुचवलं नाही. शेवटी पोरांनी ठरवलं ते वहीत असं लिहिलंय: 'जोडीदार हंगामाला गेला तर त्याची जागा तशीच ठेवायची. दुसऱ्यानं दोघांचा टाक टाकायचा. तो कधीबी आला तरी आपल्या जागेवर बसल.' तिचे चिंचोके काड्यापेटीत घालून कपाटात ठेवले. पाडव्यानंतर ती आली, काड्यापेटी उघडून तिनं मोजले आणि एक कमी निघाला म्हणून भांडलीसुद्धा. जूनमध्ये ती आठवीत बसली. यंदा ती आजीजवळ राहणार की गाडीत बसणार, ते याच आठवड्यात ठरेल.

मी संगणकाच्या खूप प्रोग्रॅमांची चाचणी घेतली आहे. वापरणारा सांगतो, हे बटण इथं नको, तिथं हवं. पण 'जागा तशीच ठेवायची' असा नियम मला कुठल्या प्रोग्रॅमच्या चाचणीत मिळाला नाही. ज्यांचं आयुष्य पटावर मांडलंय त्यांनाच तो सुचू शकतो. म्हणूनच नियमांवर शेवटचा शब्द त्यांचा, असं आम्ही ठरवून टाकलंय. मॅगीबाईंच्या खेळासारखा हा खेळ हातोहात बदलत जाणार असेल, तर तो त्या पोरांच्याच हातांनी बदलू दे.

आता तुमच्याकडं काय मागायचं ते सांगते. पट मांजरपाटावर काढले आहेत, हातानं, चुना आणि काव वापरून. आपल्याच अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. चाळीसेक फुटांच्या कापडावर त्यांनी अख्खं 'पंचीकरण' लिहिलं, तेव्हा दोन हात कापडावर एक हंगाम मावायला हरकत नाही. सहा पट तयार आहेत, बाहेरच्या टेबलावर ठेवलेत. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत, ज्यांच्या गावात हंगामी वसतिगृह आहे, त्यांनी एकेक घेऊन जा. पैसे नकोत. बरोबर एक कोरी वही दिली आहे. पोरांना नियम शिकवायला जाऊ नका. पट मांडा, चिंचोके द्या आणि बाजूला बसा. 'असं नसतंय' असं पोर म्हणालं की त्याचं नाव न लिहिता फक्त त्याचं वाक्य वहीत उतरवा. धारूरच्या डोंगरातल्या पोराचं आणि गेवराईच्या गोदाकाठच्या पोराचं सारखंच निघेल असं नाही. गाडीसेंटरवाल्यांचा हिशेब वेगळा, डोकीसेंटरवाल्यांचा वेगळा. ते सगळं मला हवं आहे.

आणि तीन, चार की पाच, त्याचं उत्तरही हवं आहे. ते पुण्यात बसून मला काढता येणार नाही, आणि या हॉलमध्ये बसून तुम्हालाही नाही. हंगाम संपला की वह्या परत पाठवा. पाडव्यानंतर मी पुन्हा येणार आहे.